काझुंगुलाला अडकलेली पेजो

चोमा, झांबिया, १२ जुलै १९९८

बाई लुशोमो,

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. आठवडाभर त्याच्या काचेखाली उन्हात पडलं होतं, शाई उडाली होती, तरी वाचलं. एकदा मी वाचलं आणि एकदा तुझ्या मामीने माझ्याकडून वाचून घेतलं.

नऊ वर्षांनी घरी येतेस, इथे सगळ्यांना आनंद आहे. पण गाडी घेऊन येतेस, हे काही मला उमगलं नाही. माणूस परदेशातून घरी येतो तेव्हा ब्लँकेट आणतो, रेडिओ आणतो. तू गाडी तिथेच वीक आणि बसने ये. त्या पैशांत इथे गाई घेऊ. मी बघूनही ठेवल्यात, चांगल्या रुंद कमरेच्या. गाय वासरू देते, दूध देते. तुझी ती पेजो गाडी आजवर किती वेळा व्यालीय?

तू ऐकणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. तुझी आई अशीच होती. सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी स्वतःचंच करायची. तर मग निदान हे कर. सरहद्दीच्या नदीवर, काझुंगुलाच्या फेरीबोटीवर मुबिता नावाचा एजंट आहे. जकातीच्या कागदांत त्याचा हात कोणी धरणार नाही. तो लोझी जमातीचा आहे. आपण टोंगा आणि ते लोझी म्हणजे चेष्टेचे भाऊबंद, एवढं तरी आठवतं ना? भेटल्या भेटल्या तो तुला शिव्या घालेल. ऐकून गप्प बसू नकोस, उलट दोन घाल. गप्प बसलीस तर त्याला वाटेल, हिने आपल्याला परकं केलं. माझा बाप गेला तेव्हा त्याचा बाप मयताला येऊन 'चला, एक गुरंचोर कमी झाला' म्हणून अंगणात नाचला होता. आम्ही सगळे रडता रडता हसलो होतो.

तब्येत सांभाळ. मामी विचारते, तिकडे आंबवलेलं दूध धड मिळतं का?

तुझा मामा,
हाबींझू

*

फ्रान्सिसटाउन, बोत्सवाना, २४ जुलै १९९८

मामा,

पत्र मिळालं. गाडी विकणार नाही.

जलखात्याच्या नेमणूकपत्रात लिहिलं आहे की उमेदवाराने मंगळवार, १ सप्टेंबर रोजी सकाळी आठ वाजता स्वतःच्या वाहनासह हजर व्हावं. चोमा आणि कालोमोमधल्या एकसष्ट हातपंपांची देखभाल माझ्याकडे येणार आहे आणि ती गावं बसच्या रस्त्यावर नाहीत. यादीत माझ्यानंतर जो आहे त्याच्याकडे गाडी आहे, हे त्यांनी मला फोनवर मुद्दाम सांगितलं. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही. आणि ही नोकरी नाही तर मला परत येण्याचं कारण उरत नाही.

गाडी १९७९ची आहे, तीन वर्षं माझ्या नावावर आहे. परत येणाऱ्या नागरिकाला आपली वापरातली गाडी जकातीशिवाय आणता येते. इंजिन दोन वर्षांपूर्वी मी स्वतः बदललं. सगळे कागद फाइलीत आहेत, प्रत्येकाच्या दोन प्रती. सोमवारी, १७ ऑगस्टला मी काझुंगुलाला पोहोचेन.

पेजो अजून व्यालेली नाही. पण तिला गोचीडही लागत नाहीत.

चेष्टेच्या नात्याची सवय मोडली आहे. इथे नऊ वर्षांत मला आपलेपणाने कोणी शिवी दिलेली नाही. प्रयत्न करीन.

मामीला सांगा, दूध मिळतं. पण घरच्यासारखं नाही.

लुशोमो

*

काझुंगुला, बोत्सवानाचा काठ, १८ ऑगस्ट १९९८

मामा,

सुखरूप पोहोचले. कागदांचं किरकोळ काम राहिलं आहे, दोन-चार दिवस लागतील. काळजीचं काही नाही. चर्चच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले आहे.

लुशोमो

*

काझुंगुला, झांबियाचा काठ, १९ ऑगस्ट १९९८

गुरांचा नवरा हाबींझू यास,

जिवंत असशील तर हे वाच. नसशील तर तुझ्या गाईंना कोणीतरी वाचून दाखवा.

मोठा घोळ झालाय आणि तो मी केलाय. परवा फेरीबोटीने पलीकडे गेलो तर तुझी भाची रांगेत उभी. पाचशे किलोमीटर धुळीतून आलेली आणि रुमालाने हेडलाइट पुसत होती! मी लगेच ओळखलं. सगळ्या रांगेसमोर ओरडलो, "अरे धरा रे तिला, टोंगा आहे ती! चार पायांचं काही दिसलं की हाकत नेतात, आता चार चाकंही सोडत नाहीत! कुणाची गाडी उचललीस गं?"

ट्रकवाले पोट धरून हसले. तुझ्या भाचीने चष्मा नीट केला आणि म्हणाली, "आपण मुबिता का? कागद तयार आहेत."

हाबींझू, ही काय रीत झाली? एवढी नामी शिवी मातीत गेली. मला वाटलं, हिला ऐकू आलं नसेल. म्हणून मी तिथल्या पोलिसाकडे वळलो आणि आणखी मोठ्याने म्हणालो, "सार्जंट, लिहून घ्या, गाडी चोरीची आहे. मी साक्ष देतो!"

आणि त्याने लिहून घेतलं.

मोत्सुमी त्याचं नाव. दक्षिणेकडून तीन आठवड्यांपूर्वी बदलून आलाय. आपलं नातं त्याला काय माहीत? टोंगात बोललो असतो तर त्याला अक्षर कळलं नसतं. पण मी माझ्या भाषेत बोललो. आमची भाषा आणि त्यांची भाषा म्हणजे मावसबहिणी, शब्दन् शब्द कळला. त्याने बॉनेट उघडायला लावलं. इंजिनावरचा आकडा वेगळा आणि नोंदणीपुस्तकातला वेगळा! गाडी ठाण्याच्या आवारात लावली आणि किल्ली कपाटात गेली.

मी जबाब मागे घ्यायला गेलो. लिहून दिलं, 'या बाईने गाडी चोरलेली नाही, कारण वासरापेक्षा मोठं काही चोरण्याएवढं डोकं टोंगांना नसतं.' सार्जंटने कागद परत केला. मग लिहिलं, 'हिने चोरली असती तर एव्हाना दुसऱ्या टोंगाने ती हिच्याकडून चोरली असती.' तोही परत. तो म्हणतो, "सरळ लिहा. खोटं बोललो, माफी मागतो."

आता सांग, तुमच्याकडे माफी कशी मागू? तीन पिढ्यांत आपल्यात कोणी मागितलेली नाही. पण पोरीची नोकरी जायला नको. तू म्हणशील तर लिहितो. दोन दिवस घशाखाली घास उतरलेला नाही. मासासुद्धा नाही, यावरून काय ते समज.

मुबिता

*

चोमा, २१ ऑगस्ट १९९८

लुशोमो,

'कागदांचं किरकोळ काम'! मुबिताने सगळं कळवलं. पोलिसांच्या ताब्यात गेलेल्या गाडीला तुमच्या शाळेत किरकोळ म्हणायला शिकवतात काय?

मी काय सांगितलं होतं? गप्प बसू नकोस. त्याला एक शिवी दिली असतीस तर तो हसून गळ्यात पडला असता आणि तो पोलीस चहा प्यायला गेला असता. आता झालं ते झालं.

एक लक्षात ठेव. मुबिताला माफी लिहू देऊ नकोस. माफी परक्याकडे मागतात. त्या कागदावर त्याने सही केली की आमच्या दोन घरांमध्ये जे आहे ते संपलं. मग मी मेल्यावर माझ्या अंगणात नाचायला कोण येणार?

गाडी राहू दे तिथे. बसने ये. पहिल्या तारखेला मी तुला माझी बैलगाडी देतो. स्वतःचं वाहन म्हटलंय ना, मग बैलगाडी काय दुसऱ्याची असते? तो जलखात्याचा लुसाकाचा साहेब काय म्हणेल ते मी बघून घेईन.

मी स्वतः आलो असतो, पण गुरांना औषधाच्या हौदात बुडवायचे दिवस आहेत. इथून हलता येत नाही. पत्र मुबिताच्या हातून पाठवतो.

मामा

*

पोलीस ठाणे, काझुंगुला, २४ ऑगस्ट १९९८

श्रीमती लुशोमो यांस,

आपला दिनांक २२ चा अर्ज मिळाला. आपण पाकिटात बंद करून दिलेली यादी ठाण्याच्या तिजोरीत ठेवली आहे. अर्जात मागितल्याप्रमाणे, मंगळवार दिनांक २५ रोजी सकाळी नऊ वाजता ठाण्याच्या आवारात, माझ्या समक्ष, आपणांस इंजिन उघडण्याची परवानगी देण्यात येत आहे. अवजारे आपली आपण आणावीत.

यादीतील एक जरी बाब जुळली नाही, तर वाहन न्यायालयाकडे पाठवण्यात येईल. न्यायालयाची पुढील तारीख १४ सप्टेंबर आहे, याची नोंद घ्यावी.

सार्जंट के. मोत्सुमी

*

काझुंगुला, २५ ऑगस्ट १९९८

मामा,

आता सविस्तर लिहिते. आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही लगेच निघाला असता. तरी तुम्ही निघालातच, त्याकडे शेवटी येते.

चूक मुबितांची अर्धी आणि माझी अर्धी आहे. इंजिन बदललं तेव्हा मी प्रत्येक बोल्ट किती घट्ट केला तेसुद्धा वहीत लिहिलं होतं, पण नवा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवायला गेले नाही. उद्या जाऊ म्हणत राहिले. दोन वर्षं गेली. भंगारवाल्याची पावती आहे, तिच्यावर तारीख स्पष्ट आहे, पण क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवर तेल सांडलेलं आहे. तेही माझ्याच हातून. सार्जंट मोत्सुमींनी फ्रान्सिसटाउनला फोन करून खात्री केली. गाडी माझीच आहे, त्याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका इंजिनाची होती, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही आली असती.

म्हणून मी अर्ज केला. ज्याने इंजिन बसवलं त्याला आतलं दिसलेलं असतं, चोराला फक्त बाहेरचं. बाहेरून दिसू शकत नाहीत अशा पाच गोष्टी लिहून मी पाकीट बंद केलं.

आज नऊला आवाराच्या कुंपणाबाहेर पाऊणशे माणसं होती. फेरीबोटीच्या रांगेतल्या ट्रकवाल्यांना सहा-सहा दिवस काही काम नसतं. त्यांच्यातल्या एकाने पाने दिले, एकाने जॅक दिला. चर्चच्या बायकांनी तेल काढायला मक्याच्या पिठाचा नशिमा शिजवायचं मोठं पातेलं दिलं आणि ते परत घेणार नाही, असंही सांगितलं. मुबिता कुंपणावर चढून बसले होते.

"एक जरी चुकलं तर?" सार्जंटनी विचारलं.

"तर गाडी तुमची."

"माझी नाही बाई, सरकारची. करा सुरुवात."

वरचं झाकण काढलं. त्यांनी यादी वाचली. "दुसऱ्या व्हॉल्व्हचा नट हाताने कानशीने घासलेला." त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि खूण केली. मग मी तेल काढलं, गाडीखाली गेले आणि तेलाचा चेंबर उतरवला. त्याच्या आतल्या बाजूला मी खिळ्याने तारीख कोरली होती, १४ एप्रिल ९६. सार्जंटनी पावती शेजारी धरली. पावतीवर तारीख १२ एप्रिल होती. "दोन दिवसांचा फरक," ते म्हणाले.

"इंजिन आणल्यावर धुवावं लागतं," मी म्हणाले.

कुंपणावरून आवाज आला, "टोंगा माणूस आणि धुतो? हेही लिहून घ्या, सार्जंट!"

"तुम्ही गप्प बसा. तुमच्यामुळेच मी आज उन्हात उभा आहे."

तिसरी आणि चौथी गोष्ट कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनच्या दांड्यांच्या, टोप्यांवरची. तिसऱ्या टोपीवर क्रमांकाचे ठिपके ठोकताना माझा पंच घसरला होता, त्यामुळे एक ठिपका लांब आहे. चौथीच्या आतलं बेअरिंग दुसऱ्या बनावटीचं. दोन्ही जुळल्या.

पाचवी होती तेलाच्या पंपाची जाळी. ती फाटली होती आणि नवी मिळाली नाही, म्हणून मी ती तांब्याच्या तारेने शिवली होती. यादीत लिहिलं होतं, टाके नऊ.

सार्जंटनी मोजले. परत मोजले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ."

मामा, कुंपणापलीकडे पाऊणशे माणसं होती आणि पलीकडची नदी ऐकू येत होती. मी मनात टाके मोजले. नऊच होते. पण माझ्या मनातल्या मोजणीवर तो माणूस सही करणार नव्हता.

"कडेला गाळ आहे," मी म्हणाले. "पेट्रोलने पुसावा लागेल. मी हात लावत नाही. तुम्हीच पुसा."

त्यांनी बाह्या वर केल्या, टोपी काढून मुबितांच्या हातात दिली आणि माझ्या रुमालाला नको म्हणून स्वतःचा काढला. बराच वेळ पुसलं. गाळ गेला आणि चौकटीच्या अगदी कडेला तांब्याचा एक टाका चमकला.

"नऊ," सार्जंट म्हणाले. इतक्या मोठ्याने की ट्रकच्या रांगेच्या शेवटपर्यंत गेलं असावं, कारण भोंगे तिथूनच सुरू झाले.

परत जोडायला सव्वातीन तास लागले. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली नाही, पेट्रोल वर यायला वेळ लागतो. दुसऱ्या किल्लीला झाली.

राहिला मुबितांचा जबाब. सार्जंटना सरळ नकार हवा होता आणि तुम्हाला माफी नको होती. दोन्ही अटी पुऱ्या होतील असा मसुदा मी लिहिला. 'गाडी चोरीची असल्याचे मी म्हणालो ते खरे नाही. इंजिन या बाईनेच बसवले आहे, हे मी स्वतः पाहिले. एका टोंगाला हे जमले याचे मला अजून आश्चर्य वाटते.' मुबितांनी वाचलं आणि सही केली. सार्जंटनी शेवटच्या वाक्याखाली पेन्सिल धरली.

"हे कशाला?"

"ते नसेल तर सही खोटी ठरेल," मी म्हणाले. त्यांनी थोडा विचार करून शिक्का मारला.

मग मी किल्ली घेतली आणि सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं, "सार्जंट, लोझी लोकांचं मनावर घेऊ नका. दरवर्षी त्यांच्याकडे पूर येतो आणि सगळ्यात आधी त्यांचं डोकं बुडतं." मुद्दाम सार्जंटच्या भाषेत सांगितलं.

ट्रकवाल्यांनी काय केलं ते लिहिता येणार नाही. मुबिता कुंपणावरून उतरले, माझे तेलकट हात धरले आणि रडायला लागले. "बोलली रे," म्हणत होते, "हाबींझूची भाची बोलली." सार्जंट हसले. त्यांनी हे लिहून घेतलं नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमचं पत्र चोम्याहून २१ तारखेला लिहिलेलं आहे आणि मला ते २१ लाच सकाळी अकराला मिळालं. चोम्याची पहिली बस इथे दुपारी तीनला येते. शिवाय समोरच्या काठावर अंजिराच्या झाडाखाली हिरवी टोपी घातलेला एक माणूस पाच दिवस बसून आहे आणि प्रत्येक फेरीबोट आली की उठून उभा राहतो. मी यावर काही म्हणत नाही. उद्या सकाळी दहाची फेरीबोट आहे. त्यासाठी तुम्हाला आधी चोम्याला परत जायची गरज नाही.

लुशोमो

*

चोमा, ३ सप्टेंबर १९९८

बेडकांचे राजे मुबिता यांस,

आपण बुडाला नसाल, अशी आशा आहे.

आपल्या काठावरचे जकातीचे कागद वीस मिनिटांत झाले. आपण उत्तम काम करता, हे लिहायला मला कष्ट होत आहेत. पुढचं आपण पाहिलं नाही, म्हणून कळवते.

मामा फेरीबोटीच्या उतारावर उभे होते. गाडीभोवती एक फेरी मारली, काठीने चारही टायर दाबून पाहिले आणि नवा बैल बघताना दात बघतात तसं वाकून समोरच्या जाळीत पाहिलं. मग मागच्या सीटवर बसले. मी म्हटलं, पुढे बसा. म्हणाले, "पुढे नोकर बसतो." थोड्या वेळाने स्वतःच पुढे आले, कारण मागून लोकांना ते दिसत नव्हते. काझुंगुला ते चोमा साडेतीन तासांचा रस्ता आहे. आम्हाला नऊ तास लागले. वाटेत त्यांच्या ओळखीची जी जी माणसं होती, त्या प्रत्येकाच्या दारात थांबलो. प्रत्येक दारात ते सांगत होते की हिने पोलिसांसमोर इंजिनाचं पोट फाडलं आणि परत शिवलं. सहाव्या दारापर्यंत ट्रकवाले पाऊणशेचे तीनशे झाले होते. मी दुरुस्ती केली नाही.

गाडी रात्री गोठ्यात उभी करतात. बाहेर ठेवली तर लोझी नेतील, असं मामांचं म्हणणं आहे. त्यांनी तिला नावही ठेवलं आहे, बैलांना ठेवतात तसं: 'नदीने अडवली नाही'. संध्याकाळी गुरांना हाका मारताना तिलाही हाक मारतात.

मंगळवारी आठला पाच मिनिटं कमी असताना मी जलखात्यात हजर झाले. साहेबांनी न बघताच विचारलं, "वाहन?" मी खिडकीकडे बोट दाखवलं. ते उठून खिडकीपाशी गेले. बराच वेळ तिथे होते, कारण मामा बॉनेटवर हात ठेवून उभे होते आणि तिथून हलत नव्हते. मग त्यांनी मला पहिल्या तीन पंपांचे कागद दिले.

पहिले दोन किरकोळ होते. तिसरा मुख्य रस्त्यापासून बावीस किलोमीटर आत, वाळूतून. तिथला पंप पाच आठवडे बंद होता आणि बायका ओढ्यात खड्डे खणून पाणी भरत होत्या. मी खालचा व्हॉल्व्ह काढला, चामडं बदललं, नळ्या परत सोडल्या. एका म्हातारीला दांडा मारायला सांगितलं. एकोणिसाव्या दांड्याला पाणी आलं. आधी लाल, मग स्वच्छ. तिने ते ओंजळीत घेतलं, प्यायली नाही, आधी माझ्या तेलकट हातांवर ओतलं.

गाडी कुणाची, हे दिवसभरात मला कोणीही विचारलं नाही.

लुशोमो